वज्रघारीची पूजा

"जरा सरक, जहाजाला हळद-कुंकू लावतो," म्हणत रामहरीतात्या पूजेचं ताट घेऊन थेट संगणकापुढे आले, तेव्हा अविराजची वज्रघार शत्रूच्या ताफ्यापासून दोन मिनिटांवर होती.

खंडेनवमीची दुपार. वडगाव निंबाळकरात घरोघरी औजारांची पूजा चालली होती. तात्यांचे विळा, कोयता, नटबोल्टचे पाने आणि पंपाचा स्टार्टर पुजून झाले होते. तीस वर्षं पाणी उपसायच्या पंपावर काढलेला माणूस. ज्याच्यावर हात चालतो त्याला नवमीला कुंकू लागलंच पाहिजे, हा त्यांचा नेम, आणि लेकाचा हात कशावर चालतो हे ते रोज बघत होते.

अविराज साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. चौतिशी उलटली तरी त्याला मान देणारं कुणी असेल तर ते संगणकावरच्या खेळातल्या या अंतराळ-लढाईतच. वज्रघार ही त्याची चाळीस तोफांची युद्धनौका, आणि तिच्यावरचे पुण्या-बंगळुरातले पाच गडी त्याला कॅप्टन म्हणत. आपण बारामतीत इंजिनिअर आहोत, अशी थाप त्याने त्यांना मारून ठेवली होती. आज अंतिम सामना होता आणि सगळ्यांचे कॅमेरे चालू होते.

तात्यांनी पडद्यावरच्या नौकेला बोटाने कुंकू टेकवलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि मळक्या बंडीतच हात जोडले. अविराजच्या कानातल्या हेडफोनमध्ये हसणं फुटलं.

"कॅप्टन, हे काका कोण?" पुण्याच्या वैष्णवीने विचारलं.

"आमच्याकडे कामाला असतात," तो बोलून गेला.

तात्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. मग त्यांनी ताट उचललं आणि ते मागच्या दाराने निघून गेले. अविराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बोटं मात्र कळा दाबतच होती.

वज्रघार जिंकली. जिंकलेल्या नौकेला नवं नाव द्यायचा मान कॅप्टनचा असे.

"त्या काकांच्या पायगुणाने जिंकलो," वैष्णवी म्हणाली. "त्यांचंच नाव देऊ या. काय नाव त्यांचं?"

सगळ्यांना दिसणाऱ्या यादीत कॅप्टनचं नाव ठळक दिसत होतं: अविराज रामहरी भापकर. खरं नाव सांगितलं की सगळं उघडं पडणार होतं. पडू द्यायला हवं होतं.

"गेणबा," त्याने सांगितलं.

ऊन कलल्यावर तात्या प्रसादाची वाटी घेऊन आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आत येऊ का?"

"तात्या, आसं काय इचारताय?"

"न्हाय, तुजी माणसं आसतील म्हनून."

आत येऊन त्यांनी वाटी टेबलावर ठेवली. त्यांची नजर पडद्यावरच्या नौकेच्या नव्या नावावर गेली. पंपघरातल्या नोंदवहीत आयुष्यभर लिहिलेला माणूस, चष्मा सारखा करून त्यांनी एकेक अक्षर लावलं.

"गे-ण-बा. ह्यो कोण रं?"

अविराजने प्रसादाची वाटी जवळ ओढली.

"आपल्याकडं कामाला हाय, व्हय?" तात्याच हळू आवाजात म्हणाले.

दुपारचं कुंकू पहिल्या अक्षरावर आलं होतं. तात्यांनी उपरण्याचं टोक ओलं केलं आणि नाव नीट दिसेपर्यंत तो डाग हलक्या हाताने पुसून काढला.