कोरी ठेवलेली काच

मी चिडखोर बाई आहे, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे आणि मलाही ते नाकारायचं नाही. पण त्या शनिवारी मला जेवढा राग आला तेवढा पूर्वी कधी आला नव्हता, आणि पंचाईत अशी की ओरडायला समोर कोणी नव्हतं. समोर होता मायक्रोस्कोप आणि त्याच्याखाली हिरवीगार चमकणारी एक काच. ती काच अजिबात चमकायला नको होती.

नीट सांगते. गोंदियातल्या एका फार्मसी कॉलेजात मी शिकवते. भूमेश्वरी रहांगडाले ही माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, रोज कामठ्याहून बसनं यायची. मधुमेहात डोळ्याचा पडदा खराब होतो, तो एका औषधानं वाचतो का, हे तिला तपासायचं होतं. त्यासाठी उंदराच्या डोळ्यातल्या पडद्यातून एकाच जातीच्या पेशी वेगळ्या काढून वाढवायच्या होत्या. म्यूलर पेशी म्हणतात त्यांना. पडद्यातल्या बाकीच्या पेशींना या आधार देतात, खाऊपिऊ घालतात, त्यांचा कचरा उचलतात. प्रत्येक घरात अशी एक काकू असतेच.

मोठ्या उंदरांतून या पेशी धड वाढत नाहीत. पिल्लांचे डोळे उघडायच्या आतच त्या घ्याव्या लागतात. पिल्लं झोपेतच जातील याची काळजी भूमेश्वरी स्वतः घ्यायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही, आणि काम उरकलं की ओढणीत तोंड घालून रडायची. पहिल्या वेळी मी तिला झापलं, "रडायचंच होतं तर कायले आलीस या कामात?"

"रडली म्हणून काम थांबवली काय जी मी?" ती म्हणाली.

पहिल्या खेपेला पेशींवर बुरशी आली. दुसऱ्या खेपेला पेशी छान वाढल्या, पण तपासल्यावर कळलं की त्या म्यूलर नव्हत्याच, भलत्याच पेशी घुसून फोफावल्या होत्या. तेव्हा ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, आता तिसरी खेप. हेही फसली तर मी अजून पिल्लं घेणार नाही. पीएच.डी. सोडून देईन." तिला समजावण्यात अर्थ नव्हता. ही पोरगी एकदा बोलली की बोलली. मी तोंडानं "बघू" म्हटलं आणि मनातून पार घाबरले, कारण एवढ्या वर्षांत माझ्या हाताखाली तिच्यासारखा हात कोणाचा पाहिला नव्हता.

तिसऱ्या खेपेला तिनं जीव ओतला. काढलेले डोळे रात्रभर अंधारात द्रावणात ठेवले. सकाळी दुधावरच्या सायीइतका पातळ पडदा अलगद सोडवला, त्याच्या पेशी सुट्या केल्या आणि बशीत पसरल्या. मग काही दिवस बशी हलवायचीसुद्धा नसते. ती इन्क्युबेटरसमोरून जाताना मान वळवून जायची, न जाणो हात पुढे गेला तर. शेवटी बशीवर हलक्या टिचक्या मारून मेलेल्या नि सैल पेशी धुऊन टाकल्या. ज्या तळाला घट्ट धरून राहिल्या त्या लांबट, पसरट झाल्या. दिसायला तर म्यूलरच होत्या.

पण दिसण्यावर आम्ही जात नाही. पेशी काचेच्या चकत्यांवर वाढवायच्या आणि त्यांना अँटिबॉडी द्यायची. पहिली अँटिबॉडी म्यूलर पेशींतल्या खास प्रथिनाला जाऊन चिकटते. दुसरी चमकणारी असते, ती पहिलीला चिकटते. मग पेशी हिरव्या दिसतात. एक काच मात्र मुद्दाम कोरी ठेवायची, तिला पहिली द्यायची नाही. ती काळी राहिली पाहिजे. तीही चमकली तर रंग कुठेही चिकटतोय असं समजायचं, आणि बाकीच्या काचांचं चमकणं मातीमोल.

शुक्रवारी संध्याकाळी भूमेश्वरीनं पहिली अँटिबॉडी दिली. रांगेतली शेवटची काच कोरी ठेवली, साध्या द्रावणात. बस सुटायची वेळ झाली होती, म्हणून ट्रे फ्रीजमध्ये ठेवायचं काम तिनं लोकेंद्रला सांगितलं. लोकेंद्र कटरे शेजारच्या विभागातला, एम.फार्म.चा विद्यार्थी. त्याचं सगळं काम गोळ्या बनवण्याचं, पेशींशी त्याचा कधी संबंध आलेला नव्हता. पोरगा मदतीला तत्पर.

आणि शनिवारी दुपारी सगळ्या काचा हिरव्या. कोरी काचही हिरवी.

भूमेश्वरी मायक्रोस्कोपवरून उठली, एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, हात धुतले. "येतो मॅडम," एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. प्राणिगृहात पुढची पिल्लं होती, सोमवारपर्यंत घेतली नाहीत तर डोळे उघडून कामातून जाणार होती. ती घेणार नव्हती, आणि दुसरं कोणी ती घ्यावीत असं मला वाटेना. मी अँटिबॉडी बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या, मायक्रोस्कोपच्या दिव्याला घातल्या, उन्हाला घातल्या. तेवढ्यात लोकेंद्र चहा घेऊन आला.

"भूमेश्वरी कुठं गेली जी? काऊन एवढा राग?"

"कोरी ठेवलेली काचही चमकून राहिली," मी म्हणाले. "म्हणजे सगळं पाण्यात."

त्यानं चहाचा कप टेबलावर ठेवला. "कोणती कोरी?"

"शेवटची."

"ते कोरी ठेवाची होती काय?" त्याचा चेहरा पडला. "मले वाटलं घाईत राहून गेली. नळीत थोडी उरली होती, तर तिलेही देलो."

"कोणी सांगितलं होतं तुला?" मी विचारलं.

"कोणी नाही जी. सगळ्याइले भेटलं अन् एकीलेच नाही, बरं नाही वाटलं."

लोकेंद्र मुर्री गावचा. मुर्रीत कोणाकडेही लग्न असलं तरी पंगतीत बादली याच्या हातात असते. मी स्वतः तिथे जेवले आहे. पानावर भात संपत आलेला त्याला बघवत नाही, आणि एकाला वाढून दुसऱ्याला टाळणं हे तर त्याच्या लेखी पापच. लहानपणापासून पंगतीत शिकलेलं त्यानं माझ्या काचांनाही लावलं होतं. एरवी मी त्याला सोलून काढलं असतं. पण ती काच त्यानं दिल्यामुळेच चमकली असेल तर प्रयोग फसलाच नव्हता; त्या क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"गाडी काढ," मी म्हणाले, "आणि ती बसमध्ये चढायच्या आत तिला घेऊन ये. रागावली तर ऐकून घे."

तो तिला घेऊन आला. ती रागावली नव्हती. त्याच्यासमोर उभी राहून तिनं एकच विचारलं, "खरं सांगून राहिलास ना? का माझं मन राखाले?"

"खरंच देलो, बाई. आईची आन."

तिचा विश्वास बसला नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही पुरता बसला नाही. पोरगा भला आहे. कोणाला दुःखात बघून असं खोटं बोलणाऱ्यांतला आहे. आता पुन्हा करून बघण्याशिवाय मार्ग नव्हता. सुदैवानं पेशी वाढवलेल्या चार काचा शिल्लक होत्या आणि कुपीच्या तळाशी अँटिबॉडी. तिनं तीन काचांना दिली, एकीला दिली नाही. कोऱ्या काचेपाशी मार्करनं मोठी फुली मारली, ट्रे स्वतः फ्रीजमध्ये ठेवला आणि फ्रीजची किल्ली मी पर्समध्ये टाकली. लोकेंद्र दारातून बघत होता, आत यायची त्याची हिंमत झाली नाही.

रविवारी कॉलेज बंद. आम्ही तिघं आणि वॉचमन. दुसरी अँटिबॉडी देऊन, धुऊन, पेशींची केंद्रकं निळी दाखवणारा रंग देऊन होईपर्यंत दुपार कलली. खोलीचे पडदे ओढले. पहिल्या तिन्ही काचा हिरव्या, लांब लांब पेशी अगदी काठोकाठ. पण कालही त्या हिरव्याच होत्या. मग तिनं चौथी लावली. मला तिची फक्त पाठ दिसत होती.

"काय दिसून राहिलं?" मी विचारलं.

"काहीच नाही जी," ती म्हणाली. "काळंभोर."

मी मुळातच संशयी. "पेशी आहेत ना काचेवर? का धुताना गळून पडल्या?"

तिनं फिल्टर बदलला आणि बाजूला सरकून मला जागा दिली. मी डोळा लावला. निळे ठिपके, सगळीकडे निळे ठिपके, पेशी जागच्या जागी. पुन्हा हिरवा फिल्टर लावला तर अंधार. आयुष्यात मी पुष्कळ सुंदर गोष्टी पाहिल्या असतील, पण त्या अंधारासारखी एकही आठवत नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि मी, सगळ्या कॉलेजला धाकात ठेवणारी बाई, तिथेच स्टुलावर बसून रडले. लोकेंद्रनं घाबरून पाणी आणलं. सगळं ठीक आहे असं त्याला दोनदा सांगावं लागलं.

पेशी म्यूलरच होत्या. तिच्याच होत्या. आता नवी पिल्लं न घेता त्यांतूनच पुढच्या बशा भरता येणार होत्या, औषधाची तपासणी त्यांवरच होणार होती.

मी डोळे पुसून वर पाहिलं तर भूमेश्वरी खोलीत नव्हती. प्राणिगृहाचं दार उघडं होतं. थोड्या वेळानं ती परत आली, खुर्चीवर टाकलेला एप्रन उचलून अंगात घातला आणि बटणं लावता लावता म्हणाली, "डोळे उघडले जी त्यांचे. सगळ्यांचे."