सर आमच्यासाठी थांबतात

"हा माइक आहे की डास? नुसता गळ्याशी घुटमळतोय," सर पुटपुटले. मी त्यांच्या कॉलरला क्लिप लावत होते, म्हणून मलाच ऐकू आलं.

"हलू नका हो सर. डास परवडला, त्याला बॅटरी तरी लागत नाही."

"कात्रीबाई, फार बोलायला लागलात!"

विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गांसाठी सरांची खडकांवरची व्याख्यानं मी रेकॉर्ड करते, काटछाटही मीच करते. मुलं मध्येच पळू नयेत म्हणून दर सहा मिनिटांनी सरांनी प्रश्न टाकायचा आणि आठ सेकंद गप्प कॅमेऱ्याकडे बघायचं, अशी पद्धत. या सत्रात आठाचे बारा झाले, मग वीस. प्रश्न न विचारताच सर गप्प होऊ लागले. मी काय करावं? त्या रिकाम्या जागी पडद्यावर माझ्याच मनाने प्रश्नाची पाटी चिकटवली. मुलं बेहद्द खूश. 'सर आमच्यासाठी थांबतात,' असं लिहायची. विभागप्रमुख म्हणाले, "मुलं टिकतायत! अजून थांबायला सांगा त्यांना."

मी मान डोलावली. पण सरांचे डोळे मोठ्या पडद्यावर रोज मीच बघत होते. गर्दीत हात सुटलेल्या पोराचे डोळे.

सरांची बायको, आमच्या काकू, हल्ली त्यांच्यासोबत येत, कोपऱ्यात विणत बसत. "काल झोप नाही झाली त्यांची," आल्या आल्या सांगून टाकत. मीही म्हणायची, "उकाडाच केवढा आहे!"

आज मात्र कात्री चालणार नव्हती. विभागप्रमुखांनी हौसेने थेट वर्ग ठेवला होता. तीनशे मुलं.

दहा मिनिटं झकास गेली. मग एका मुलीने विचारलं, "सर, संगमरवर कशापासून तयार होतो?"

सर हसले. थांबले.

आठ सेकंद. वीस. मुलांना वाटलं, प्रश्न आपल्यालाच परत टाकलाय. पडद्यावर धडाधड उत्तरं उमटली. चुनखडी! चुनखडी, सर! सर ती वाचत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही उमटत नव्हतं. काकूंच्या सुया थांबल्या. मी पुठ्ठ्यावर खरडून कॅमेऱ्याशेजारी धरलं: 'नेट गेलं म्हणून बंद करू?'

सरांनी ते वाचलं. मान हलवली, नको.

"मी तुमच्यासाठी थांबत नव्हतो रे बाळांनो," ते म्हणाले. "मला आठवत नाही."