तेवीस बांध्या आणि एक कोपरा

मित्रांनो, आमगावात औषधाच्या दुकानावर एक माडी आहे. तिथल्या टेबलाखाली जो पिवळट डबा दिसतो, तो मी, एक जुना संगणक. २००८ साली गोंदियात माझे भाग जोडले गेले. तीन वर्षे टायपिंगच्या वर्गात मी होतकरू बोटांचे फटके सोसले. मग टेकचंदभाऊंनी मला इथे आणले.

टेकचंदभाऊ तेवीस बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांत, धान पिकवणारे शेतकरी, आणि हौसेने माडीवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक. प्रोग्राम लिहिणारी एकटी रंजिता. तिने धान खरेदी केंद्रासाठी टोकनचा प्रोग्राम लिहिला होता. शेतकऱ्याने नाव सांगावे, तारीख घ्यावी, त्याच दिवशी पोती आणावीत. त्याआधी केंद्रावर वही होती. वहीत ओळखीचा माणूस पुढे सरके. रंजिताची आई, सुमनबाई, एका वर्षी चार दिवस पोत्यांवर बसून राहिल्या होत्या. ते चार दिवस रंजिता विसरली नव्हती.

माझे काम तपासणीचे. रोज सकाळी आठला मी आपणहून ब्राउझर उघडत असे, एका खोट्या शेतकऱ्याचे नाव भरून तारीख घेत असे आणि टोकन छापत असे. जमले तर हिरवी खूण, बिघडले तर लाल. माझा शेतकरी खोटा होता, पण कधी उशिरा आला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्राउझर दोन चॅनेलवर मिळतो. स्टेबल म्हणजे पक्का झालेला, सगळ्यांच्या हातात असलेला. बीटा म्हणजे दीडेक महिन्याने पक्का होऊन येणारा, अजून कच्चा. कोणी काही सांगितले नाही तर मी कोणता उघडायचा, ते एकदा ठरवून ठेवावे लागते. त्याला डिफॉल्ट म्हणतात. टेकचंदभाऊंनी ते एका क्षणात ठरवले. “बीटा लाव. नवीन ते नवीन!”

मग सगळे हिरवेच हिरवे. माझ्या हिशेबात भाऊंनी माझी स्तुती चारदा केली, आणि चारही वेळा पाहुणे समोर होते.

२०१३ च्या नोव्हेंबरात खरेदी सुरू झाली. पहिल्याच सकाळी केंद्रप्रमुख चैनलाल यांचा फोन आला.

“टेकचंदभाऊ, तारखेच्या खान्यात बोट दाबून दाबून थकलो. कॅलेंडर उघडूनच नाही राहिलं! सोमवारपर्यंत नीट करा, नाही तर मी वही काढतो.”

तो गुरुवार होता. रंजिताने माझ्याकडे पाहिले. माझ्या पडद्यावर चाळीस हिरव्या खुणा होत्या. ती स्कूटी काढून केंद्रावर गेली आणि दुपारी परतली.

“भाऊ, हा खोटं बोलून राहिला.”

“कोण?”

“आपला डबा. याच्यात बीटा, केंद्रावर स्टेबल. ते कॅलेंडर ब्राउझर दाखवते, अन् ते बीटातच आहे, स्टेबलमध्ये अजून आलंच नाही. डिफॉल्ट स्टेबल करा.”

मित्रांनो, मला वाईट वाटले. मी खोटे बोललो नव्हतो. मला जे दिले होते, त्यात सगळे खरेच चालत होते.

भाऊ हटेनात. “अन् नवीन आल्यावर का करशील? जुनं तपासून नवीन समजते का?”

“तुमच्या तेवीस बांध्या ना जी? धानाची नवीन जात आली, तर कितीमध्ये रोवता?”

“एका. तेबी कोपऱ्यातल्या. काऊन?”

“मग याच्या पोटात काऊन तेवीसच्या तेवीस रोवल्या?”

भाऊंनी कान खाजवला. बियाण्यात इतका सावध माणूस ब्राउझरपुढे असा उधळलेला मी दुसरा पाहिला नाही.

“पोरगी मोठी धारेची आहे,” ते म्हणाले. “कर स्टेबल. पण माझा कोपरा ठेव.”

तेच ठरले. सकाळी आठची तपासणी स्टेबलवर, तीच डिफॉल्ट. दुपारी दोनला एकदा बीटावर, केवळ चाहूल घ्यायला. शुक्रवारी सकाळी मी पहिल्यांदा लाल झालो, आणि रंजिता हसली. तीन दिवस तिने खुर्ची सोडली नाही. रविवारी संध्याकाळी सगळे हिरवे झाले. सोमवारी वही कपाटातच राहिली. सुमनबाई टोकन घेऊन घरी गेल्या आणि आपल्या तारखेला परत आल्या.

पुढे मार्चमध्ये दुपारची, बीटावरची, एक खूण लाल झाली. टोकन छापले जाईना.

“डबा थकला वाटते,” भाऊ म्हणाले.

“थकला नाही जी. दीड महिन्यानं केंद्रावर जे होणार, ते आज सांगून राहिला.”

तिने छपाई सुधारली. उन्हाळी धानाच्या तोंडावर केंद्रावरचा ब्राउझर आपोआप बदलला, आणि ते कोणाला कळलेही नाही. त्या दिवशी मला कोणी शाबासकी दिली नाही. माझ्या हिशेबात ती न मिळालेली शाबासकी सगळ्यात वर मांडलेली आहे.

आता माझा पंखा घरघरतो. २०१७ मध्ये माझ्या जागी नवा संगणक आला. माझ्यावर धूळ बसते, त्याची तक्रार नाही. मागणे एकच. तपासणाऱ्याच्या हाती तेच द्या, जे वापरणाऱ्याच्या हाती आहे. नव्यासाठी कोपरा जरूर राखा, पण त्याची हिरवी खूण पाहून निश्चिंत होऊ नका.

नवा संगणक खोक्यातून निघाला, त्या दिवशी रंजिता रजेवर होती. भाऊंनी वायर हातात घेतली. बटणापर्यंत नेलेले बोट त्यांनी मागे घेतले आणि फोन लावला.

“चैनलालभाऊ, तुमच्या मशीनवर ब्राउझर कोणता आहे, पाहून सांगा जी.”

“काऊन? काही बिघडलं का?”

“नाही जी. बिघडू नाही म्हणून विचारून राहिलो.”