भरल्या घागरीची चाल

प्रेमानंद मेला तेव्हा त्याला एकाच माणसानं पाहिलं होतं, कालव्याच्या दरवाजावरच्या रोजंदारानं. त्यानं चौकीवर सांगितलं, की होडी सरळ दरवाजाच्या तोंडात गेली. आतला माणूस ओरडला नाही, धडपडला नाही. निवांत वल्हवत, तोंडातल्या तोंडात काहीबाही बोलत गेला. झालं! चौकीवाल्यांनी लिहून टाकलं, जीव दिला. दरवाजा उघडताना भोंगा वाजवला होता का, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. पाण्याची पाळी सुटणार असली की बागायतदाराच्या घरी निरोप जातो. बौद्धवाड्यातल्या मासेमाऱ्याकडं कोण कशाला जाईल?

त्या दिवशी सकाळी चहावरून नवरा-बायकोत तोंडातोंडी झाली होती. सोजराबाई रागाच्या भरात बोलून गेली, जा, तोंड दाखवू नका. आणि त्यानं खरंच दाखवलं नाही. तेव्हापासून बाई वाळत चालली. बाळापूरच्या बाजारात बायका तिच्याकडं बघून पदराआड कुजबुजायच्या. ती मान खाली घालून मिरच्या निवडायची.

वर्ष फिरून अठ्ठ्याण्णवचा पूस महिना आला, तेव्हा तिनं दिराला, रामजीला, दारात अडवलं.

"भावजी, तुमी त्यांच्यासंगं पाण्यावर ऱ्हायलात. खरं सांगा. तुमचे दादा माझ्यापायी गेले का?"

न्हाई म्हणायला रामजीकडं काय होतं? दादा दरवाजाच्या तोंडात निवांत कसा गेला, हे त्यालाही उमगत नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं तीच होडी काढली. फुटलेल्या जागी पत्रा ठोकला होता. दादा गेला त्याच वाटेनं जाऊन बघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

ती वाट जुन्या गावावरून जाते. धरणानं गाव गिळलं त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. आधी बौद्धवाडा गेला, कारण तो सखल अंगाला. देवळाचं शिखर सगळ्यात शेवटी बुडालं. बुडतानाही ज्याची त्याची पायरी सुटली नाही. गावाच्या पुढं दोन टेकड्यांची खिंड, आणि खिंडीच्या टोकाला कालव्याचा दरवाजा.

बुडालेल्या गावात शिवडा मासा मोप. त्याला धरायचं तर पत्र्याची चमकी लावलेला गळ होडीमागं ओढत न्यावा लागतो, आणि सगळी गंमत होडीच्या चालीत असते. जोरात गेलं तर चमकी वर येऊन भिंगरीसारखी फिरते. हळू गेलं तर खाली बसते आणि बुडालेल्या झाडात अडकते. प्रेमानंद म्हणायचा, भरली घागर घेऊन माय जशी घरी यायची, तशी होडी चालवायची. ती चाल मोजायची रीतही त्यानंच काढली होती. ज्वारीच्या ताटाचं भेंड होडीच्या नाकापुढं टाकायचं आणि सरणं म्हणायला लागायचं. बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि, संघं सरणं गच्छामि. शेवटच्या शब्दाला भेंड मागं बसलेल्या माणसाच्या कमरेशी आलं पाहिजे. आधी आलं तर घाई झाली. मागं राहिलं तर ढिलाई.

पाण्यावर धुकं होतं. काठ दिसत नव्हता. रामजीनं गळाची तंगूस पायाच्या अंगठ्याला गुंडाळली, भेंड टाकलं, सरणं म्हटली. भेंड बराबर कमरेशी. पुन्हा टाकलं. बराबर.

तिसऱ्या वेळेस त्याच्यासंगं दुसरं कोणीतरी म्हणत होतं.

आवाज पुढच्या फळीवरून येत होता. तिथं दादा बसायचा. फळी रिकामी होती. रामजीला भीती वाटली नाही, हेच नवल. वर्षभरानं तो आवाज ऐकून उलट बरं वाटलं. दोघांनी मिळून सरणं म्हटली, भेंडं टाकली, आणि दर वेळेस चाल बिनचूक आली.

मग अंगठ्याला ठोक बसला. वेशीची कमान. गळाचं शिसं कमानीवर घासलं की असा ठोक बसतो, हे पायाला पाठ होतं. वेशीपासून बौद्धवाड्यातल्या लिंबापर्यंत एक बिडी ओढून होते. रामजीनं बिडी तोंडात धरली, काडी ओढली, आणि बिडी नीट पेटायच्या आत लिंबाचा हिसका बसला. लगेच वाड्यापलीकडच्या विहिरीची कड. खाली गाव पळत होतं. माय घागर टाकून पळत सुटावी तसं.

त्यानं भेंडाकडं पाहिलं. ते शांतपणे कमरेशी येत होतं.

आणि त्याच्या ध्यानात आलं. पाणीच चाललं होतं. भेंड पाण्यावर, होडी पाण्यावर. दोघंही एकाच ओढीत. भेंड काय सांगणार? दरवाजा उघडला होता, आणि आजही भोंगा वाजला नव्हता.

रामजीनं अंगठ्यावरची तंगूस सोडून दिली, होडी आडवी घातली आणि छाती फुटेस्तोवर वल्हं मारलं. खडक लागला तेव्हा पालथा पडून त्यानं त्याला मिठी मारली. ओढीवरची सरणं अजून ऐकू येत होती. त्याच चालीत, अजिबात घाई नाही, दरवाजाकडं जात जात बारीक झाली.

तो ओल्या अंगानंच वहिनीच्या दारात गेला आणि सगळं सांगितलं. त्या आवाजाचंही. दादा बडबडत नव्हता, सरणं म्हणत होता. जीव दिला नाही. चाल बराबर आहे अशा भरवशावर तो दरवाजाच्या तोंडात ओढला गेला.

सोजराबाईनं सगळं ऐकून घेतलं. रडेल असं रामजीला वाटलं होतं. ती रडली नाही.

"म्हंजी त्यांना शेवटपर्यंत कळलंच न्हाई."

"न्हाई, वैनी."

"मंग अजूनबी कळलं नसल." ती उठली. "अजून वल्हवूनच राहिले असतील."

ती चालायला लागली. रामजी मागं मागं. आधी दरवाजावर जाऊन त्या रोजंदाराला बोलू, चौकीवर जाऊ, असं तो वाटेनं सांगत होता. जाऊ, म्हणाली, पण हे आधी. खिंडीच्या काठाशी ती पाण्यात गुडघाभर उतरली. लग्नाला वीस वर्षं झाली होती. नवऱ्याचं नाव तिनं उखाण्यातसुद्धा लाजत घेतलं होतं, पुन्हा कधी नाही.

"प्रेमानंद," तिनं धुक्यात हाक मारली, "थांबा. पाणी ओढून राहिलं."