सैल पट्टा

मोठ्या पतंगाच्या ओढीनं फळीवर उभं राहून लाटांवरून धावणारी नात पुन्हा पाण्यात पडली आणि पतंग, फळी ओढत पेंगहू बेटाच्या वाळूवर आली, तेव्हा चिन-इंग म्हातारी म्हणाली, "शेंगदाण्याचं पोतंही तुझ्यापेक्षा बरं पडतं गं."

"अमा, वाऱ्यात वळून पाय बदलते, तेव्हाच बाबांच्या पट्ट्यातून पाऊल निसटतं. आता तरी आवळू दे," नात आजीला म्हणाली.

फळीवरचा पाऊल अडकवायचा तो पट्टा म्हातारीच्या बुडालेल्या मुलाच्या रुंद पावलाच्या मापाचा होता. तीन वर्षं तिनं त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. आज नातीचा गुडघा प्रवाळावर सोलवटलेला दिसला. म्हातारीनं स्वतःच पट्टा आवळला.

पुढच्या वळणावर पोर पडली नाही. म्हातारी मात्र दोन्ही हातांनी ते जुनं माप हवेत धरून बसली होती.