टायराच्या जागेवरचे वजन

दारापाशी ओल्या बुटांचे चार जोड. खोलीत माणसे तीन.

दालचिनीचा पाव, एका बाजूने चावलेला.

कादंबरीतली एक आई धक्क्यावर उभी आहे. बोट निघते. आई हात हलवत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. स्वीडनमधल्या हेर्नेसांड गावच्या एका सुताराने बर्चच्या लाकडातून मला घडवले आणि ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आणून ठेवले. तिथे वाचकमंडळ भरते. सगळ्यांनी एकच नवी कादंबरी वाचून यायचे, गोल बसायचे आणि क्रमाने आपल्याला काय वाटले ते सांगायचे. मध्ये कोणी तोंड घालायचे नाही. नियम एवढा एकच, पण कडक.

माझ्यावर मंडळातली टायरा बसे. पुस्तक आवडले नाही, की ती मागे रेलून विणत राही. आवडले, की बोलताना इतकी पुढे झुके की माझे मागचे पाय उचलले जात.

"पडशील एक दिवस!" समोर बसणारा बर्टिल ओरडे.

"चांगल्या पुस्तकापायी पडले तर चालेल मला."

मंडळात माझी आठवण निघे ती एवढ्यापुरतीच.

मे महिन्यात टायरा वारली. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला तळघरात टाकले. बर्टिलने भांडून मला परत आणले. माझ्यावर कोणी बसत नसे. टायराचा क्रम आला, की ती बोलली असती तितका वेळ सगळे गप्प राहत.

शरदात तिच्या मुलीची, दिसाची, कादंबरी निघाली. धक्क्यावरची ती आई म्हणजे टायरा, हे साऱ्या गावाने ओळखले. मंडळाने तीच कादंबरी निवडली. दिसा आली आणि माझ्या शेजारी बसली.

"छापायच्या आधीच आईला पाठवली होती मी. एक शब्द बोलली नाही. रागावून गेली का, एवढं तरी सांगा."

"आम्हालाही काही बोलली नाही गं," मंडळ चालवणारी गुनवोर म्हणाली.

बर्टिलला शेवट लांबल्यासारखा वाटला. "तुझ्या आईसारखाच, पोरी. निघते निघते म्हणायची आणि तासभर दारात!"

मग गुनवोर बोलली. मग माझा क्रम आला.

बर्टिलने कॉफीचा कप खाली ठेवला.

मित्रांनो, मी लाकूड आहे, आपणहून हलत नाही. माझ्यावर वजन आले. ओळखीचे. ते पुढे सरकले. माझे मागचे पाय उचलले गेले आणि तसेच राहिले.

दिसा उठू लागली.

"बस," गुनवोर हळूच म्हणाली. "मध्ये बोलायचं नाही. तिचं संपलं नाहीये."

कॉफी निवली. खिडकीत अंधार उतरला. मग माझे पाय अलगद टेकले. दिसाने माझ्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

जुनी खुर्ची टाकण्याआधी, मित्रांनो, तिच्यावर हात ठेवून बघा. कोमट लागली तर थांबा. कुणाचे तरी बोलणे व्हायचे असेल.

मार्चमध्ये टायराने दिसाने पाठवलेली ती कादंबरी याच रिकाम्या खोलीत, माझ्यावर बसून दोनदा वाचली होती, दुसऱ्यांदा मोठ्याने.