रूप बदलणारी चिप

मित्रांनो, तुमच्या करंगळीच्या नखावर मावेन एवढी मी लहान आहे, आणि आता बऱ्यापैकी जुनीही झाले आहे. मी एक चिप आहे. माझ्या बहुतेक भावंडांची जोडणी कारखान्यातच कायमची होते. जे काम नशिबी आलं, ते जन्मभर करायचं. माझं तसं नाही. माझ्या पोटात असंख्य बारीक फाटे आहेत, आणि कोणता फाटा कुठे जोडायचा हे नंतरही बदलता येतं. आज्ञा मिळाली की पापणी लवायच्या आत मी वेगळ्या कामाची होते.

मला विकत आणलं ते एका इंजिनिअर मुलीने. तिची मावशी शिवणकाम करायची. पन्नाशीत मावशींची दृष्टी गेली, पण बोटं शाबूत होती. शर्टांची काजं त्या नुसत्या स्पर्शाने करायच्या आणि शिवणकामाच्या दुकानात त्यांच्या कामाला मान होता. अडचण होती ती घर ते दुकान या रस्त्याची. रोज कोणीतरी सोबतीला लागायचं. मावशींची थोरली बहीण, म्हणजे त्या इंजिनिअर मुलीची आई, एकदा म्हणाली, "आता घरी बस ना. तुला इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही, ताई. पण दिवस खायला उठतो," मावशी म्हणाल्या.

ते भाचीने ऐकलं. तिने एका छोट्या डबीत कॅमेरा, बॅटरी आणि मला बसवलं आणि डबी मावशींच्या गळ्यात अडकवली. कॅमेऱ्याने बघायचं, मी ओळखायचं आणि मावशींच्या कानात सांगायचं, असं ठरलं.

सुरुवातीचे दिवस काही सुखाचे गेले नाहीत. भाचीने मला प्रत्येक गोष्ट काटेकोर मोजायला लावली होती. समोरचा खांब किती दूर आहे, याचं उत्तर मी दशांश चिन्हापुढे लांबच लांब काढत बसायचे. तोवर मावशी खांबाला धडकलेल्या असायच्या. शिवाय मी अशी तापायचे की मावशी म्हणायच्या, "अगं, हे यंत्र दिलंयस की इस्त्री?" दुपार होईतो बॅटरी रिकामी.

मग भाची दुसऱ्या टोकाला गेली. तिने माझे आकडे इतके आखूड केले की काम झटपट होऊ लागलं आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरू लागली. पण एका सकाळी मी झोपलेल्या कुत्र्याला पोतं म्हटलं. मावशींनी काठी टेकवली आणि पोतं भुंकलं. घरी सगळे पोट धरून हसले. आई मात्र हसली नाही.

"उद्या ट्रकला पोतं म्हणेल," ती म्हणाली. "पुरे झाले हे खेळ. तू घरीच बस."

"आई, मला थोडे दिवस दे," भाची म्हणाली.

मग तिने एक साधी गोष्ट केली. ती मावशींबरोबर तो रस्ता चालली आणि जागोजागी विचारत गेली, "इथे भीती वाटते?"

"या लांब भिंतीलगत नाही. चौकात मात्र जीव मुठीत धरावा लागतो," मावशी म्हणाल्या.

त्यावरून माझी नवी घडी बसली. भिंतीलगत आखूड आकडे, निम्मे फाटे झोपलेले. चौक आला की सगळे जागे. बॅटरी संपत आली तर काटकसर करायची. पण समोरचं काय आहे याची खात्री नसेल, तर काटकसर विसरायची. तेव्हापासून मला माझं काम आवडू लागलं.

एकदा दुकानात शाळेच्या गणवेशांची घाई होती. मावशी उशिरापर्यंत थांबल्या. परतताना ऊन कलतं झालं होतं आणि माझी बॅटरी तळाला गेली होती. चौक मागे पडला होता. आता उरला होता भिंतीलगतचा, सर्वांत निर्धास्त रस्ता. मी काटकसरीत चालले होते. तेवढ्यात पुढे काळा पट्टा दिसला. सावली असेल किंवा आणखी काही. माझ्या आखूड आकड्यांत दोन्ही सारखंच दिसत होतं. उरलेल्या विजेत एकच गोष्ट होणार होती: घरापर्यंत अंदाजाने सोबत करायची, नाहीतर एकदाच नीट बघायचं.

मी सगळे फाटे जागे केले.

पाण्याच्या नळासाठी खणलेला खड्डा होता तो. "थांबा, पुढे खोल खड्डा आहे," एवढं मी सांगितलं आणि माझ्यापुढे अंधार झाला.

पुढचं मी दुसऱ्या दिवशी, पुन्हा जागी झाल्यावर घरी ऐकलं. मावशी जागच्या जागी थांबल्या. काठी पुढे घातली, तर तिला तळ लागेना. त्यांनी हाक मारली. पलीकडे पाइप उतरवणारा कामगार धावत आला, त्याने हात धरून त्यांना वळसा घालून पलीकडे नेलं आणि मग तो खड्ड्याभोवती दोरी बांधायला लागला. भिंतीला हात लावत मावशी घरी पोचल्या.

"शेवटी बंद पडलंच ना?" आई म्हणाली.

"पडलं, ताई. पण सांगून पडलं. माणसंही एवढं करत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनेच माझी डबी चार्जिंगला लावली, मऊ फडक्याने कॅमेरा पुसला, आणि पुढे ते काम तिने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. मावशी कित्येक वर्षं एकट्या दुकानात गेल्या.

आता त्यांच्या गळ्यात नवी, हलकी डबी आहे. मी अडगळीत गेले असते, पण भाचीने माझे फाटे पुन्हा जोडले. हल्ली मी स्वयंपाकघरात भिंतीवर बसून दुधावर लक्ष ठेवते. दूध थंड असतं तोवर मी डुलक्या काढते आणि कडेला फेस धरू लागला की खडबडून जागी होऊन हाक मारते. अजून एकदाही उतू जाऊ दिलेलं नाही, आणि याचा मला जरा गर्वच आहे.

मित्रांनो, जुनं यंत्र फेकण्याआधी ते आणखी काय शिकू शकेल, हे एकदा विचारा. त्याला उगीच तापवू नका, धूळ खात ठेवू नका. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तुम्ही घरी ऐकलंच असेल, आणि ते खरंही आहे. फक्त कोणाचा पाय खड्ड्याच्या काठाशी असेल, तेव्हा अंथरुणाकडे बघत बसू नका.